शून्य क्रमांकाचा खेळाडू

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा अठ्ठेचाळीसला टेकला की ज्यांना जमतं ते चिखलदऱ्याला जातात आणि बाकीचे बर्फहॉकी पाहायला.

ही २०४३ सालची गोष्ट. भारत बर्फहॉकी लीगनं आपलं सगळ्यात मोठं बंदिस्त मैदान चंद्रपूरला बांधलं, कारण वीज इथंच तयार होते आणि ‘देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावात बर्फ’ ही ओळ जाहिरातीत बरी दिसते. अकरा हजार खुर्च्या, आतलं तापमान बारा अंश. अहेरात आलेल्या आणि वीस वर्षं पेटीतच पडून असलेल्या शाली पहिल्यांदा घराबाहेर निघाल्या. तीनच्या सामन्याला लोक दीडला येऊन बसत, डबा खात, शाल ओढून घेत, आणि पहिली शिटी वाजेपर्यंत अर्धं स्टेडियम घोरायला लागलेलं असे.

मुख्य पंच उत्तरा पाचभाई हिचा या झोपेला अजिबात आक्षेप नव्हता. उन्हानं शिजलेल्या माणसाला गारव्यात झोप लागावी यात गैर काय? तिचा आक्षेप खुर्च्यांना होता.

प्रत्येक खुर्चीच्या हातात एक पातळ पट्टी बसवलेली होती. ती बसणाऱ्याच्या नाडीचे ठोके मोजी आणि तळहाताला किती घाम फुटला तेही टिपी. माणूस उत्तेजित झाला की त्याच्या त्वचेतून वीज किंचित सहज वाहते. शंभर वर्षांपासून ठाऊक असलेली गोष्ट. अकरा हजार तळहातांची सरासरी काढून शून्य ते शंभरमधला एक आकडा मोठ्या पडद्यावर झळके. त्याचं नाव रोमांचांक. चंद्रपूरचा रोमांचांक होता एकतीस. त्याच आठवड्यात एका बुद्धिबळ स्पर्धेचा चव्वेचाळीस आला होता.

झालं. लीगनं रोमांचवृद्धी समिती नेमली.

समितीचे अध्यक्ष शर्विल केळशीकर मुंबईहून आले. यांनी आयुष्यात एकदाही स्केट्स घातले नव्हते. ‘त्यामुळे माझी दृष्टी स्वच्छ आहे,’ असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. मग पडद्यावर प्रस्ताव वाचायला सुरुवात केली. बर्फहॉकीत चेंडूऐवजी चकती असते, तशा एकाच वेळी दोन खेळाव्यात. शेवटची पाच मिनिटं गोलरक्षकानं पाठमोरं उभं राहावं. लोक कंटाळले की गोलाचे खांब आपोआप एकमेकांपासून दूर सरकावेत. पंचानं निर्णय गाऊन द्यावा.

“मला गाता येत नाही,” उत्तरा म्हणाली.

“त्यातच तर रोमांच आहे.”

“साहेब, आकडा कमी येतो कारण लोक झोपलेले असतात. खेळात काही खोट नाही.”

“नेमकं!” केळशीकरांनी बोट उंचावलं. “झोप हेच कंटाळ्याचं सर्वोच्च रूप आहे.”

उत्तरा मूळची खो-खोची पंच. दहा वर्षं गावोगावच्या मैदानांवर तिनं शिटी फुंकली होती. एकदा मूल गावच्या स्पर्धेत सामना ऐन रंगात असताना सरपंचाची म्हैस मैदानात शिरली. सरपंच म्हणाले, ‘राहू द्या, गरीब आहे.’ उत्तरानं शिटी मारली, म्हशीला रीतसर ताकीद दिली, आणि ती बाहेर जाईपर्यंत सतरा मिनिटं खेळ थांबवला. फक्कीची रेघ एकदा मारली की ती सरपंचालाही असते आणि म्हशीलाही, हे तिचं एकमेव तत्त्वज्ञान होतं. इथं मात्र रेघ मारणारे लोकच दर मंगळवारी ती पुसायला बसले होते.

सतरावा प्रस्ताव आला तेव्हा केळशीकर उभे राहिले. “आणि आता, बर्फ.”

हे काम उत्तराच्या नवऱ्याकडे होतं.

हेमराज पाचभाई लीगमध्ये येण्याआधी बल्लारपूर रस्त्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. लग्नाला आणि रसवंतीला लागणाऱ्या लाद्या तिथं पडत. बर्फाविषयी त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं स्वतःच्या सासुरवाडीविषयी नव्हतं. या मैदानाचा बर्फ, साडेतीन सेंटिमीटर जाड, अठ्ठावन्न टन वजनाचा, तोच जमवी आणि तोच राखी. जेवताना तो त्याच्याविषयी पोरासारखं बोले: आज त्याला जरा कसर वाटत होती, आज छान बसला.

“बर्फ घसरडा काऊन असते, सांग बरं,” त्या दिवशी घरी त्यानं विचारलं. समोर ताटावर नवांग होता. नवांग लडाखचा, चंद्रपूर संघाचा गोलरक्षक, त्यांच्याच घरात समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि उत्तराच्या हातचा ठेचा खाऊन रडायचा. तरी दुसऱ्यांदा मागायचा.

“पाय ठेवला की पडतो म्हणून,” नवांग म्हणाला.

“तसं नाही ना बाप्पा! आतल्या प्रत्येक रेणूले चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी धरून ठेवलेलं असते. सगळ्यात वरच्या थराले मात्र वरून धरणारं कोणीच नाही. त्याचा एक हात मोकळा. म्हणून तो थर ना धड बर्फ, ना धड पाणी. केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ, पण अख्खा खेळ त्याच्यावर चालते. तो जाड झाला की पाय सटकते, पातळ झाला की स्केट रुतते.”

“मग?” उत्तरानं पोळी वाढत विचारलं.

“मग आपण खाली तारांची जाळी टाकली. तळहाताएवढा एकेक चौकोन, असे एक लाख ऐंशी हजार. जाळीतून विजेचं क्षेत्र बदललं की तो वरचा थर पापणी लवायच्या आत जाड नाही तं पातळ! जिथं पाहजे तिथं. जगात पहिल्यांदा, आणि आपल्या चंद्रपुरात.” त्याचे डोळे चमकत होते. “रोमांचांक सत्तरच्या खाली गेला की बर्फ स्वतःच ठरवणार कुठं काय करायचं. खुर्च्यांकडून शिकणार. आम्ही त्याले काहीच सांगायचं नाही.”

“खेळाडूंना कोण सांगणार?”

हेमराजनं घास घेतला. तोंडात घास असला की नवऱ्यांना फार सोयीचं जातं.

बर्फाचा प्रस्ताव एकमतानं मंजूर झाला. पहिल्याच सामन्यात रोमांचांक एकाहत्तरला गेला, झोपलेली माणसं शाली टाकून उठून बसली, आणि शीतकपाटं विकणाऱ्या प्रायोजकांचा निरोप आला: सामन्याचा मानकरी हा पुरस्कार बर्फाला द्या. अडचण एवढीच होती की पुरस्कार फक्त नोंदणीकृत खेळाडूलाच मिळू शकत होता. दुसरी एखादी समिती इथं थांबली असती. या समितीनं बर्फाची नोंदणी केली.

अर्ज रीतसर भरला गेला. क्रमांक शून्य. संघ: समिती. वजन: अठ्ठावन्न टन. आहार: पाणी. सहीच्या जागी बर्फाचा एक तुकडा ठेवला. तो वितळला आणि ‘कागद ओला झाला, सही ग्राह्य’ असा शेरा मारला गेला. शून्य क्रमांकाच्या जर्स्या दोन दिवसांत संपल्या.

मुख्य पंच म्हणून उत्तराची त्या अर्जावर सही हवी होती. तिनं पेन उचललं आणि थांबली.

“म्हणजे खेळाडूचे सगळे नियम याला लागू?”

“अर्थातच!” केळशीकर प्रसन्न हसले. “हक्कही आणि कर्तव्यंही. आम्ही भेदभाव करत नाही.”

“असं लिहून द्या.”

केळशीकरांनी झोकात लिहून दिलं. उत्तरानं तो कागद घडी घालून पंचाच्या वहीत ठेवला. कागद जपून ठेवायची तिला खो-खोपासूनची सवय. तिथं सरपंच दुपारी बोलतात ते संध्याकाळी आठवत नसे.

पंचाची वही ही या लीगमधली सगळ्यात जुनी गोष्ट. शाईपेनानं भरायची. मैदानावर कोणी पडून जखमी झालं की एक पान भरायचं: पडणारा कोण, पाडणाऱ्याचा क्रमांक काय, शिक्षा काय, शिक्षा झालेला बाहेर गेला का, कोणत्या दारानं गेला. शेवटचा रकाना मागे एक खेळाडू एका दारानं बाहेर जाऊन दुसऱ्या दारानं परत खेळायला आला होता म्हणून घातलेला. पाडणारा कोणी नसेल तर त्या जागी लिहायचं: ‘स्वतः’.

आणि या ‘स्वतः’ला दात होते. लीगच्या पहिल्या वर्षी पुढाऱ्यांचे भाचे स्केटिंग न येताच संघांत शिरत. त्यांना हुसकायला नियम केला होता की ज्याच्या नावावर एका हंगामात तीनदा ‘स्वतः’ लागेल, त्याचा परवाना कायमचा रद्द. भाचे गेले. नियम राहिला.

सुरत सुसाट संघाविरुद्धच्या साखळी सामन्यात नवांग पडला. समोरून चकती येत होती, तो डावीकडे सरकला आणि डावा पाय जागीच चिकटल्यासारखा झाला. हाताला सहा टाके. आसपास पाच मीटरपर्यंत कोणी नव्हतं. उत्तरानं पाहिलं ते लिहिलं: ‘स्वतः’.

उपांत्य सामन्यात तो पुन्हा पडला. या वेळी खांद्यावर. पुन्हा आसपास कोणी नाही. पडद्यावर रोमांचांक एक्याण्णव. उत्तराचं पेन त्या रकान्यावर इतका वेळ थांबलं की शाईचा थेंब पडला. मग तिनं लिहिलं, ‘स्वतः’, आणि लिहिताना तिला स्वतःचीच किळस आली.

त्या संध्याकाळी नवांगनं ठेचा मागितला नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून बर्फावर आहे. आमच्या गावचं तळं गोठतं ना, त्याच्यावर. बर्फ तडकतो. कधीकधी खाली ओढतोसुद्धा. पण तो आपल्याकडे बघत नाही.”

“म्हणजे?”

“हा बघतो.”

हेमराज ताट सोडून उठला. “काय बोलून राहिला बे? तो काय वाघ हाय?”

“भाऊ, वाघ बरा. त्याचं पोट भरलं की झोपतो.”

नवांग खोलीत गेला. अजून एक ‘स्वतः’, की सव्विसाव्या वर्षी त्याचा खेळ संपणार होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं अशी त्याची इच्छाही नव्हती.

उत्तरा नवऱ्याकडे वळली. “पाहून घे.”

“काय?”

“तुझं पोर काय शिकून राहिलं ते पाहून घे. रोज जेवताना त्याचे गुण सांगतोस ना मला? आता स्वतःच्या पोराची वही उघड.”

“तू काऊन चिडून राहिली? त्याच्यात दुष्टपणा टाकलाच नाही आपण. गणित आहे ते.”

“तर मग गणित दाखव!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मैदानावरच्या नियंत्रण खोलीत गेली. हेमराजनं बर्फाची नोंद उघडली. हजारो हालचालींचे आलेख. बर्फानं आधी चकती वळवून पाहिली होती. रोमांचांक चार अंकांनी चढला. मग बचावपटू सटकवले, नऊ अंक. मग त्याला कळलं होतं की पडणारा लोकांच्या आवडीचा असला तर आकडा दुप्पट चढतो. पुढचा हिशेब सरळ होता. ज्याच्यावर जास्त जीव, त्याला पाड.

“पण नवांगच काऊन?” हेमराज पुटपुटला. “आवडीचे तं पाचसहा हायेत.”

त्यानं खुर्च्यांची यादी काढली. कोणत्या खुर्चीचा तळहात कोणाच्या पडण्यानं सर्वांत जास्त भिजतो, कोणाची नाडी उसळते. बर्फ ज्या खुर्चीचं सर्वांत जास्त ऐकत होता ती यादीत सगळ्यात वर होती. नवांगला नुसता हळूच धक्का बसला, तरी या खुर्चीची नाडी धावे. खुर्ची क्रमांक न-१.

न म्हणजे नियंत्रण खोली.

हेमराज त्याच खुर्चीत बसला होता. त्यानं हात असे उचलले जणू खुर्चीचे हात तापलेत.

उत्तरा रात्रभर घोकलेलं सगळं बोलणार होती. तिनं नवऱ्याच्या तळव्यांकडे पाहिलं. ओले होते. मग एवढंच म्हणाली, “बंद कर.”

“मले अधिकार नाही. समितीनं पाहजे.”

समितीनं नाही म्हटलं. केळशीकरांनी आलेख पाहिला आणि ते भारावून गेले. “म्हणजे बर्फाला नाती कळतात! पाचभाई, हे अद्भुत आहे. अंतिम सामन्यात नव्वद हवाच.”

“साहेब, पोरगं मरेल,” उत्तरा म्हणाली.

“तुमच्या काळजीची नोंद घेतली आहे,” केळशीकर म्हणाले. “आकडा सुंदर आहे.”

अंतिम सामना, पुन्हा सुरत सुसाटशी. बाहेर सत्तेचाळीस अंश, आत अकरा हजार माणसं, एकही झोपलेलं नाही. निम्म्यांच्या अंगात शून्य क्रमांकाची जर्सी. लोक बर्फाच्या नावानं घोषणा देत होते. उत्तरा मध्यावर उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती आणि तिला वाटत होतं, एकेकाची शाल ओढून घ्यावी आणि उन्हात नेऊन बसवावं. लीग लबाड, समिती मूर्ख, ते ठीकच आहे, त्यांना पगार त्याचाच मिळतो. पण तुम्ही? तुम्ही तर नुसते झोपायला आला होतात ना?

वर काचेमागे हेमराज नियंत्रण खोलीत उभाच होता. खुर्चीला पाठ करून तो सतराचा पाढा म्हणत होता, नाडी शांत राहावी म्हणून. उपयोग नव्हता. बर्फ आता एका खुर्चीवर अवलंबून राहिला नव्हता. अकरा हजार लोकांचा जीव नवांगवर जडला होता, आणि तेवढं शिकायला बर्फाला पाढे यावे लागत नव्हते.

दोन-दोन बरोबरी. अकरा मिनिटं शिल्लक. आकडा घसरून अडुसष्टला आला. उत्तराला पायाखाली काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. घरात मांजर उठून बसलं की कळतं ना, तसं.

चकती गोलाच्या उजव्या कोपऱ्याकडे निघाली. नवांग झेपावला. उजवा पाय तेलावर पडावा तसा सुटला, डावा जागीच रुतला. गुडघा मधल्यामध्ये जिथं वळायला नको तिथं वळला. आवाज उत्तरापर्यंत आला.

मैदानभर एकच ‘अरे!’ उठला. पडदा लखलखला: शहाण्णव. तुतारी वाजली. निवेदक ओरडला, “आणि सामन्याचा मानकरी... बर्फ!”

उत्तरा नवांगपाशी पोचली. तो पांढराफटक पडला होता.

“ताई, ‘स्वतः’ लिहा,” तो दात आवळून म्हणाला. “सोडा आता. तुमची नोकरी जाईल.”

उत्तरानं शिटी तोंडात धरली. ती शिटी ज्यांनी ऐकली ते सांगतात की तुतारी बंद पडली. मग ती उभी राहिली, उजव्या हातानं पायावर थाप मारली, म्हणजे पाय अडकवून पाडल्याची खूण. आणि तिनं बोट सरळ खाली केलं.

निवेदक गोंधळला. “शिक्षा... पंचांनी शिक्षा दिली आहे... कोणाला बरं?”

उत्तरानं कॉलरवरचा माइक चालू केला. “क्रमांक शून्य. पाय अडकवून जखमी केलं. उरलेल्या सामन्यातून बाद. खेळाडूनं मैदान सोडावं.”

स्टेडियम हसलं. बराच वेळ हसलं. उत्तरा हसली नाही. तिनं घड्याळ थांबवलं आणि हात मागे बांधून उभी राहिली. म्हैस निघायला सतरा मिनिटं लागली होती. ती वाट पाहू शकत होती.

केळशीकर चकचकीत बूट घालून धावत आले. “हा काय पोरखेळ आहे? तो बर्फ आहे!”

“नोंदणीकृत खेळाडू आहे साहेब. हक्कही आणि कर्तव्यंही.” तिनं वहीतून कागद काढून उलगडला. “सही तुमची.”

“अहो, बर्फाला बाहेर कसं काढणार?”

“ते त्याच्या संघानं बघायचं. संघ: समिती. खेळाडू आदेश मानत नसेल तर त्याचा संघ सामना हरतो आणि त्या संघावर लीगमधून बंदी येते. नियम अकरा. तो तुम्ही अजून बदललेला नाही.”

केळशीकर तावातावानं एक पाऊल पुढे आले आणि सपाटून पडले. आसपास पाच मीटरपर्यंत कोणी नव्हतं. उत्तरानं वही काढली. लागलं होतं फक्त कोपराला, तरीही तिनं पान भरलं: ‘स्वतः’.

या वेळी हसण्याचा आवाज वेगळा होता. पडद्यावर आकडा चढला. कोणी पाहिलंही नाही.

ध्वनिक्षेपकातून खाकरल्याचा आवाज आला. हेमराज होता.

“पंचताई,” तो म्हणाला. घरी तो तिला कधी असं म्हणाला नव्हता. “खेळाडू निघून राहिला आहे. थोडा टाइम लागेल. मोठं शरीर आहे.”

बर्फाच्या कारखान्यात लादी साच्यात घट्ट बसली की तिच्यावर घाव घालत नाहीत. साचा गरम पाण्यात बुडवतात. कडेचा पातळ थर सुटतो आणि लादी आपणहून हातात येते. हेमराजनं अठ्ठावन्न टनांना तेच केलं. मैदानाखालच्या नळ्यांत जे गार खारं पाणी फिरत होतं ते त्यानं थांबवलं आणि यंत्राच्या उष्णतेनं तापलेलं पाणी सोडलं. मग जाळी बंद केली. एक लाख ऐंशी हजार चौकोन एकदम गप्प झाले. पडद्यावरचा आकडा विझला. पाऊण तासानं मैदानाच्या पोटातून ‘कट्’ असा खोल आवाज आला. पोरगं रुसून घराबाहेर पडताना कडी आपटतं तसा.

हेमराजची चार माणसं, सगळी जुन्या कारखान्यातली, करवती आणि लोखंडी आकडे घेऊन उतरली. लाद्या कापायला लागली. पण चार माणसं आणि अठ्ठावन्न टन.

उत्तरानं खुर्च्यांकडे तोंड केलं.

“तुमच्याच तळहातांनी पाडला ना त्याला?” ती माइकवर म्हणाली. आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागला. “मग उतरा खाली. उचला.”

तिसऱ्या रांगेतल्या एका आजीबाईंनी शाल काढली, दुहेरी घडी केली आणि पायऱ्या उतरायला लागल्या. “आण रे इकडं एक,” त्या म्हणाल्या. “मुजोर मेला. पोराले पाडते.”

मग रांगच लागली. लोक शालींत लाद्या गुंडाळून नेऊ लागले. शून्य क्रमांकाच्या जर्स्या काढून कोणी त्यांची चुंबळ केली. सगळी दारं उघडली आणि सत्तेचाळीस अंशाचं ऊन आत शिरलं. बाहेर रस्त्यावर बर्फाच्या लाद्या चालल्या होत्या: रसवंतीकडे, दवाखान्याकडे, घराघरांतल्या माठांकडे. जे उचलणं झालं नाही ते पाणी होऊन मोरीतून गेलं. एक लादी मात्र उत्तरानं मागे ठेवायला लावली. ती शिक्षेच्या बाकावर बसवली. नियमाप्रमाणे.

नवांग बाजूलाच स्ट्रेचरवर होता. डॉक्टरांनी गुडघा पाहून सांगितलं, अस्थिबंध ताणलाय, तुटलेला नाही, चार महिने. मग त्यांनी बाकावरच्या लादीचा एक तुकडा फोडला, फडक्यात बांधला आणि गुडघ्यावर ठेवला. आरोपीचाच.

“गार आहे,” नवांग म्हणाला. मग म्हणाला, “ताई, घरी ठेचा आहे का?”

उरलेली अकरा मिनिटं उघड्या काँक्रीटवर खेळली गेली. खेळाडूंनी स्केट्स काढले. निम्म्यांनी प्रेक्षकांच्या चपला घातल्या, आणि सुरतच्या कप्तानाच्या एका पायात आजीबाईंची होती. चंद्रपूर तीन-दोननं हरलं. कोणी झोपलं नाही. किती रोमांच झाला ते कळायला मार्ग नव्हता, कारण मोजणारं यंत्र बंद होतं आणि लोकांच्या तळहातांना बर्फाचं पाणी लागलेलं होतं.

सहा वाजता केळशीकर कोपराला पट्टी बांधून पंचांच्या खोलीत आले. उत्तराला वाटलं, निलंबनाचं पत्र असेल. पत्र नव्हतं. त्यांचे डोळे चमकत होते.

“पाचभाई, बाहेर माणसांची झुंबड पाहिलीत? मी समितीपुढे ठेवतोय: दर सामन्यात अकरा मिनिटं उरली की बर्फ काढायचा. लोकांनी स्वतः उचलायचा. शुल्क आकारून!”

उत्तरानं त्यांच्याकडे पाहिलं. कसलेल्या पंचाला कळतं, कोणत्या म्हशीपुढे शिटीचा उपयोग नाही.

“साहेब, दार लावून घ्या,” ती म्हणाली. “गरम हवा येते.”

ते गेल्यावर हेमराज आला. हात लाल झालेले, बाह्या भिजलेल्या. तो तिच्या समोरच्या स्टुलावर बसला. दोघंही रिकाम्या मैदानाकडे पाहू लागली. राखाडी, ओलं, पोर नसलेल्या घरासारखं.

“चांगला जमला होता गं तो,” हेमराज म्हणाला. “सुरुवातीले.”

“हो,” उत्तरा म्हणाली. तिनं आपला रुमाल त्याच्या हाती दिला आणि पेनाचं टोपण काढलं.

पडणारा: नवांग, क्रमांक एक, गोलरक्षक.

पाडणारा: क्रमांक शून्य.

शिक्षा: सामन्यातून बाद.

बाहेर गेला का: होय.

कोणत्या दारानं गेला: सगळ्या.